थांबण्याची तयारी

कॅनडातल्या एडमंटनला नवीन आलेला आपला माणूस पहिल्या हिवाळ्यात एक प्रश्न हमखास विचारतो: गाड्यांच्या तोंडातून ही पिन का लोंबतेय? पार्किंगमध्ये ओळीने उभ्या गाड्या आणि जवळपास प्रत्येकीच्या पुढच्या जाळीतून बाहेर आलेली वायर, टोकाला साधी तीन पायांची पिन. विजेवर चालतात का या, असंही काही जण विचारतात. चालतात पेट्रोलवरच. ती वायर ब्लॉक हीटरची. इंजिनाच्या पोटात बसवलेला चारशे ते हजार वॅटचा हा हीटर आतलं कूलंट कोमट ठेवतो. तो नसेल तर उणे तिशीत इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, आणि आधीच थंडीने अर्धमेली झालेली बॅटरी ते ढवळता ढवळता मान टाकते. रात्रभर लावून ठेवायची गरज नसते. निघण्याआधीचे तीन-चार तास पुरतात, म्हणून लोक टायमर लावून झोपतात. रात्री झोपताना दूध फ्रिजमध्ये ठेवलं का, दाराला कडी लावली का, तसं इथे गाडीची पिन लावली का हेही विचारायचं असतं.

इतकी वर्षं या शहरात काढल्यावर वाटायला लागतं की थंडीतलं सगळं आपल्याला कळतं. मग आम्ही जानेवारीत गाडीने पार उत्तरेला, येलोनाईफला जायचं ठरवलं.

कारण अगदी घरगुती होतं. माझी मैत्रीण तिथे नोकरीला आहे. तिला पहिली मुलगी झाली. तिच्या आईचा व्हिसा काही केल्या वेळेत येईना, म्हणून नागपूरच्या त्या माऊलीने सगळा बाळंतविडा आमच्या पत्त्यावर पाठवून दिला: कुंची, दुपटी, आंगडी-टोपडी, डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, आणि कुणाच्या तरी घरातून चालत आलेला, सुटा करून बांधलेला लाकडी पाळणा. तो विमानात न्यायचा तर भाडं पाळण्याच्या किमतीच्या वर जात होतं. एडमंटनहून येलोनाईफ विमानाने दोन तासांच्या आत, रस्त्याने सुमारे १,४५० किलोमीटर. नवऱ्याला सुट्टी होती. बारसं आम्ही पोचलो की करायचं, असं ठरलं.

बातमी फुटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. इथल्या मराठी मंडळींचे सल्ले कपड्यांपासून सुरू होऊन कपड्यांपाशीच संपत होते. कोणती जॅकेट, किती थर, कोणत्या कंपनीचे बूट. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण मूळचा उत्तरेकडचा, लहानपणी 'हे रिव्हर' नावाच्या गावात वाढलेला. त्याने कपड्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याने विचारलं, "गाडी बंद पडली तर रात्र काढता येईल?"

त्या प्रश्नाने आमच्या तयारीची दिशाच बदलली. चालत्या गाडीत थंडी नसतेच. बाहेर उणे अडतीस असो, आत बावीस अंश असतात, मुलगा टी-शर्टवर बसलेला असतो, आणि मागच्या सीटवर अंताक्षरी चालू असते. या भागात माणसं गाडीतल्या हवेसाठी कपडे घालतात, बाहेरच्या हवेसाठी नाही, आणि धोका तिथेच असतो. शेपाचशे किलोमीटरच्या ओसाड रस्त्यावर आपल्या आणि हिमदंशाच्या मध्ये फक्त इंजिनातला एक पट्टा, एक पंप आणि एक टाकीभर पेट्रोल उभं असतं. तेव्हा उत्तरेकडच्या प्रवासाची तयारी म्हणजे जवळपास सगळी थांबण्याची तयारी. जाण्यासाठी काय लागतं? पेट्रोल आणि चांगले टायर. बाकीचा डिकीभर पसारा असतो तो न जाता येण्यासाठी.

त्या पसाऱ्यात सगळ्यात आधी गेली एक रिकामी कॉफीची पत्र्याची बरणी, तीन जाड मेणबत्त्या आणि काडेपेट्या. मला आधी हे हास्यास्पद वाटलं. मेणबत्तीने गाडी तापणार? पण बंद गाडी ही फार लहान खोली असते, आणि चार माणसांचा श्वास व एक मेणबत्ती मिळून तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा जगण्याजोगं वर राहतं. पत्र्याच्या बरणीत ठेवली की ती कलंडत नाही, पत्राही तापतो, आणि भांडं मिळालं तर बर्फ वितळवून प्यायला पाणी होतं. काच मात्र बोटभर उघडी ठेवायची. इंजिन सुरू करायचं ते तासाला दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना हे बघायचं. बुजलेलं असलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो येतो तेव्हा माणसाला छान झोप लागते. थंडीच्या आधी तोच गाठतो.

मग बाकीचं: स्लीपिंग बॅगा, घडीचं फावडं, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, जंपर केबल, ओढायचा पट्टा, डोक्याला लावायचा दिवा, भडक नारिंगी कापड. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक छोटं यंत्र, भाड्याने आणलेलं, कारण या रस्त्यावर मोबाइलची रेंज गावापुरतीच असते. गाव मागे पडलं की तासन्‌तास फोन म्हणजे नुसती काच. गाडी सोडून चालत निघायचं नाही, हा नियम आम्ही मुलाकडून पाठ करून घेतला. बर्फात उभी गाडी शोधणाऱ्याला दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

इंजिन ऑइल शून्य-डब्ल्यूचं, म्हणजे कडक थंडीतही पातळ राहणारं, घातलं. काचेवर फवारायचं पाणी उणे चाळीसवालं. हिवाळी टायर होतेच, ते सात अंशांच्या खालीसुद्धा रबर मऊ राहावं अशा मिश्रणाचे असतात. बॅटरी तपासून घेतली. तिच्यातली एक गंमत मला तोपर्यंत माहीत नव्हती: पूर्ण भरलेली बॅटरी या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी बर्फ होते आणि तिचं पोट फुटतं. म्हणजे दिवा चालू राहिला म्हणून उतरलेली बॅटरी केबल लावून पुन्हा उठेल याची खात्री नाही.

कपड्यांचा प्रश्न टाळता येत नाही, आणि तिथे माझी गाठ पडली आईशी. मी निफाड तालुक्यातली. आमच्याकडेही थंडी असते हो! निफाडचा पारा चारवर आला की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी असते, आणि अण्णा पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात, कारण त्या थंडीत पिकायला आलेल्या द्राक्षमण्यांना तडे जातात. त्यामुळे थंडीबद्दल आईचं स्वतःचं शास्त्र आहे, आणि त्यातलं पहिलं कलम आहे सुती बनियन. "आतून सुतीच घाल गं, लोकर टोचते. वरून मग काय ते चढव." आणि कानाला कापूस. आणि छातीला विक्स.

कापूस ही आपल्याकडे नुसती वस्तू नाही, सद्गुण आहे. सुती म्हणजे चांगलं, बाळाला सुती, आजाऱ्याला सुती, उन्हाळ्यात सुती, आणि नायलॉन घालणाऱ्याकडे बघायची नजरच वेगळी. कापसाचा हा मोठेपणा कशामुळे, तर तो घाम शोषून धरतो आणि हळूहळू सोडतो, अंग गार ठेवतो. चैत्र-वैशाखात याहून मोठा उपकार नाही. आणि तेवढ्याच कारणाने उणे पस्तिशीत तो घात करतो. फावड्याने पंधरा मिनिटं बर्फ उपसला की जॅकेटच्या आत घाम येतोच. कापूस तो पिऊन बसतो, अंगाला चिकटतो, आणि काम थांबलं की तीच ओल अंगातली ऊब ओढायला लागते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते आणि ऊब सोडत नाही. इथले अनुभवी लोक म्हणून थंडीपेक्षा घामाला जास्त भितात. काम करताना ते आधी एक थर काढून ठेवतात, थोडं कुडकुडत काम करतात, आणि संपल्यावर पुन्हा चढवतात. आपण उलटं करतो.

आईला हे पटवायच्या भानगडीत मी पडले नाही. सुती बनियन बॅगेत घेतल्या, मोटेलमध्ये झोपताना घातल्या. खोटं बोलायला नको.

बूट एक नंबर मोठे घेतले, आत दोन मोजे मावूनही बोटं हलली पाहिजेत. घट्ट बूट कितीही महाग असला तरी पाय थिजवतो, कारण ऊब देणारी हवा आणि रक्त, दोन्हीला तो जागा ठेवत नाही. हाताला बोटांचे हातमोजे निरुपयोगी. मिटन्स लागतात, ज्यात चार बोटं एकमेकींच्या संगतीत राहतात. मैत्रिणीने येलोनाईफहून खास निरोप दिला होता की मिटन्सना दोरी हवी. दोरी म्हणजे? लहान मुलांच्या हातमोज्यांना असते तशी, गळ्यातून जाणारी. मला हसू आलं. पण तिथल्या मूळनिवासी डेने बायका मूस या मोठ्या हरणाच्या कातड्याचे जे मिटन्स शिवतात, त्यांनाही अशीच विणलेल्या लोकरीची जाड, रंगीत दोरी असते, आणि ती मोठ्या माणसांसाठीच असते. काही बारीक काम करायचं तर मिटन काढायचा, तो गळ्याशी लोंबत राहतो. खाली ठेवायचा नाही. वाऱ्याने उडाला किंवा बर्फात पडून आत हिमकण गेले, तर त्या हाताचं काम संपलं.

असा एक जोड मी पुढे येलोनाईफमध्ये हातात घेऊन पाहिला. मनगटाला बीव्हरची गडद, दाट लव. आत जाड कापडी अस्तर. पाठीवर मण्यांची फुलं, लाल-निळी, प्रत्येक मणी वेगळा ओवलेला. आणि नाकाजवळ नेल्याबरोबर धूर. कातडं कमावताना ते कुजक्या लाकडाच्या मंद धुरावर धरतात, म्हणजे ते भिजून पुन्हा वाळलं तरी मऊ राहतं. तो वास वर्षानुवर्षं जात नाही म्हणे. मी तो जोड नको इतका वेळ नाकाशी धरून उभी होते. विकणाऱ्या बाईंना वाटलं असेल, हिला आवडला नाही. किंमत ऐकून मी तो परत ठेवला, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगितलं की आमच्या बागेत पहाटे असाच वास येतो.

आकड्यांबद्दल दोन शब्द. उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात, त्यामुळे निदान तिथे तरी अमेरिकन आणि कॅनेडियन माणसाचं एकमत असतं. त्याच्या थोडं अलीकडे, उणे ३८.८ ला, पारा गोठतो, म्हणून इथे तापमापकात अल्कोहोल असतं. आणि हवामान सांगणारे दोन आकडे सांगतात, एक खरा आणि एक वाऱ्यासकटचा, ज्याला विंडचिल म्हणतात. तो दुसरा आकडा मला पूर्वी नुसता घाबरवायला लावलेला वाटायचा. पण २००१ पासून कॅनडा आणि अमेरिका जे सूत्र वापरतात, ते स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून, त्यांच्या चेहऱ्यावरची उष्णता किती वेगाने जाते हे मोजून केलेलं आहे. विंडचिल उणे अठ्ठावीसच्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे चाळीसच्या खाली पाच ते दहा मिनिटांत. गाडीला मात्र विंडचिल लागत नाही. वाऱ्याने इंजिन लवकर गार होतं, पण हवेच्या खऱ्या तापमानाच्या खाली जात नाही. वारा लागतो फक्त आपल्याला.

निघालो. ग्रिमशॉपाशी मॅकेन्झी महामार्गाचा शून्य मैल लागतो, तिथून पुढे रस्ता उत्तरेला सरळ. मॅनिंग, मग हाय लेव्हल. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं, उत्तरेला जाऊ तशी बारीक आणि बुटकी होत गेलेली. खरं सांगायचं तर बघण्यासारखं फार नाही, आणि जे आहे ते बघायला उजेड नाही. एडमंटनला निदान साडेसात तास दिवस असतो. येलोनाईफला डिसेंबरच्या शेवटी जेमतेम पाच. जानेवारीच्या मध्यावरसुद्धा दहाच्या सुमाराला उजाडतं आणि चहाच्या वेळेला दिवेलागण.

हाय लेव्हलला आम्ही अडकलो. पुढे वाऱ्याने बर्फ रस्त्यावर आडवा वाहत होता, आणि रस्त्यांच्या माहितीच्या नकाशावर आमच्या वाटेवर 'प्रवास टाळा' असं लाल झालं होतं. अल्बर्टा प्रांताची सीमा १९० किलोमीटरवर, मध्ये फारसं काही नाही. मोटेलच्या आवारात ट्रक रात्रभर इंजिन चालू ठेवून उभे होते, त्यांच्या धुराचा ढग दिव्यांखाली जागच्या जागी लटकलेला. आत रेस्टॉरंटमध्ये ट्रकवाले पत्ते खेळत होते. एकाने भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं, 'उद्या दुपारी' असं म्हणाला, आणि पुन्हा पत्त्यांत डोकं घातलं. कुणी चडफडत नव्हतं, कुणी मालकाला फोन करून सारवासारव करत नव्हतं. चडफडत होतो फक्त आम्ही, कारण आमच्या मागे नागपूर होतं.

बारशाची वेळ नागपूरच्या सोयीने ठरली होती. हिवाळ्यात येलोनाईफ आणि नागपूर यांच्यात साडेबारा तासांचं अंतर; इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिथले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. आजी पहाटे उठून, न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून व्हिडिओवर येणार होत्या, शेजारणी जमणार होत्या, घुगऱ्या भिजत घातलेल्या. मी भीत भीत फोन केला. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बाई, हरभरा एक दिवस जास्त भिजला तर मोड येतील, अजून चांगलं. तुम्ही हलू नका." मैत्रिणीचा नवरा तर आश्चर्यानेच विचारत होता, यात सॉरी कशाबद्दल? तिथे 'वाटेत थांबलो' हे उशिराचं कारण म्हणून पुरतं. वर आणखी स्पष्टीकरण कुणी मागत नाही.

मग मला त्या गावाचा जुना हिशेब कळला. २०१२ च्या नोव्हेंबरच्या शेवटी मॅकेन्झी नदीवरचा डे चो पूल खुला झाला. त्याआधी येलोनाईफ सबंध महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराला कळणार नाही अशा बेताने जगत होतं. उन्हाळ्यात नदी फेरीबोटीने ओलांडायची, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या न्यायच्या. आणि या दोहोंच्या मध्ये, वसंतात बर्फ फुटत असताना आणि हिवाळ्याच्या तोंडाशी तो धरत असताना, काही आठवडे असे यायचे की बोटही नाही आणि बर्फही नाही. रस्ताच नाही. भाजी, दूध, अंडी हवाई मार्गाने यायची आणि त्यांचे भाव आकाशाला भिडायचे. दरवर्षी, दोनदा, सबंध गाव थांबायचं. दुकानं त्या बेताने माल भरायची, घरं त्या बेताने साठवण करायची. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसासाठी पापड-कुरडया घालायचे ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना हे परकं वाटणार नाही.

त्या पुलावरून आम्ही गेलो तेव्हा खाली एक किलोमीटरभर रुंद पांढरं, आणि मधोमध अजून न धरलेल्या पाण्याची वाफ. पूल संपला तरी मुलाने 'संपला?' असं विचारलं.

सीमेपलीकडचं एंटरप्राइझ हे गाव मात्र उरलंसुरलं दिसतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वणव्यात ते जवळजवळ सगळं जळालं, आणि त्याच आठवड्यात येलोनाईफही रिकामं करावं लागलं. वीस हजार वस्तीचं गाव, आणि बाहेर पडायला हाच एक रस्ता. मैत्रीण तेव्हा नुकतीच तिथे रुजू झाली होती. ती सांगते, गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, दोन्हीकडे धूर, पण टाकी अर्ध्याच्या वर ठेवायची सवय गावाच्या अंगात इतकी मुरलेली की पहिल्या टप्प्यात पेट्रोलसाठी तिला कुठे थांबावं लागलं नाही. हिवाळ्याची शिस्त उन्हाळ्यात कामी आली.

अर्धी टाकी हा तिथला खरा धर्म आहे. फोर्ट प्रॉव्हिडन्सच्या फाट्यावर पंप आहे. तो सोडला की बेचोकोपर्यंत दोनशेच्या वर किलोमीटर काही नाही. रस्ता जातो रानगव्यांच्या अभयारण्याला लागून. हे वुड बायसन १९६३ मध्ये इथे आणून सोडले, त्यांची वाढलेली प्रजा आता रस्त्यावरच असते. नर टनाच्या घरात वजनाचा. गडद तपकिरी, जवळपास काळा, आणि अंधारात काळ्या डांबरावर तो उभा असला तर दिव्यांच्या झोतात शेवटच्या क्षणी दिसतो. एक कळप आमच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. पाठीवर बर्फ साचलेला, दाढ्यांना हिमाचे गोळे लोंबत. हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो. आम्ही दिवे मंद केले आणि बसून राहिलो. त्यांना घाई नव्हती. नंतर आम्हालाही राहिली नाही.

येलोनाईफला पहिल्या सकाळी गाडी सुरू झाली, पण चालेना नीट. धपक, धपक, धपक, जणू चारही चाकं पंक्चर. रात्रभर उणे अडतिसात उभी राहिल्याने टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊन तसाच थिजला होता. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर रबर तापून चाकं पुन्हा गोल होतात. सीट फळीसारखी कडक. ब्लॉक हीटरची वायर काढायला गेले तर ती काठी झालेली, वाकवली असती तर आवरण तडकलं असतं. टायरमधली हवाही अंग चोरते: दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय या हिशेबाने, घरच्या गॅरेजात नीट भरलेली हवा इथे आठ-नऊ पीएसआयने कमी. बाहेर श्वास सोडला की पापण्यांवर पांढरं जमायचं, चष्मा आत शिरल्या शिरल्या आंधळा व्हायचा. कॅमेरा आत आणताना आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणायचा, म्हणजे दव पिशवीवर जमतं, भिंगावर नाही.

बारसं झोकात झालं. पाळण्याचा एक स्क्रू प्रवासात कुठेतरी हरवला होता, तो मैत्रिणीच्या शेजाऱ्याने, खाणीत मेकॅनिक असलेल्या एका गृहस्थाने, स्वतःच्या डब्यातून शोधून दिला. तोच माणूस आम्हाला हिवाळी रस्त्याबद्दल सांगत होता. येलोनाईफच्या पूर्वेला टिबिट तळ्यापासून उत्तरेच्या हिऱ्यांच्या खाणींपर्यंत दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून रस्ता तयार करतात. तो टिकतो दोनेक महिने. खाणीला वर्षभर लागणारं डिझेल, सिमेंट, अवजड यंत्रं, सगळं तेवढ्यात न्यायचं. आणि भरलेल्या ट्रकला वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. का? बर्फाखालचं पाणी ट्रकच्या वजनाने दबतं आणि पुढे लाट होऊन पळतं. ट्रक वेगात गेला तर ती लाट काठाजवळ बर्फ फोडते. म्हणून इथे घाईची किंमत हिशेबात बसवलेली आहे, फलकावर लिहिलेली.

खाडीपलीकडच्या डेट्टा गावाला जाणारा सहा-साडेसहा किलोमीटरचा बर्फाचा रस्ता मात्र सर्वांसाठी खुला असतो. तीरावरून फिरून जायचं तर तो पल्ला सुमारे चौपट. मैत्रिणीने आम्हाला त्यावरून नेलं. बर्फ जिथे वाऱ्याने झाडला गेला होता तिथे तो काळाशार होता, आत खोल उतरलेल्या पांढऱ्या भेगा. थांबून इंजिन बंद केलं तेव्हा कुठून तरी दूरवरून घुमल्यासारखा आवाज आला. थंडी वाढली की बर्फ आकसतो आणि तडकतो, तो आवाज. जाड बर्फच असा बोलतो, असं मैत्रीण म्हणाली. मुलाने तरी काच वर केली.

परतताना रिकामा डबा द्यायचा नसतो, म्हणून मैत्रिणीने आमचा लाडवांचा डबा तिळाच्या वड्यांनी भरून दिला. संक्रांत होतीच. फोर्ट प्रॉव्हिडन्सच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभा होता, दिवे लुकलुकत. या रस्त्यावर उभ्या गाडीला न विचारता पुढे जायचं नसतं. नवऱ्याने वेग कमी केला, काच खाली केली. आत एक दणकट म्हातारा, मांडीवर स्लीपिंग बॅग, डॅशबोर्डवर थर्मास. इंजिनाचा पट्टा तुटलाय, पुतण्या ओढायला निघालाय, दोन तास लागतील, सगळं ठीक आहे. आम्ही थांबू का? नको. काही हवंय? नको. खायला? यावर तो जरासा घुटमळला, म्हणून मी डबा पुढे केला. त्याने वडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि थेट दाढेखाली धरली.

"थांबा!" मी ओरडले. डबा डिकीत होता, वडीचा दगड झालेला. "आधी आतल्या खिशात ठेवा. पंधरा मिनिटांनी खा."

त्याने गंभीरपणे मान डोलावली, जॅकेटची चेन उघडली, वडी आत सरकवली, आणि हात तसाच पुन्हा डब्याकडे केला. बायकोसाठी एक, म्हणाला.